पेन्शनवर गदा आली तर कुठं जावं: डिचोलीतल्या एका वकीलबाईंकडचा अनुभव

मी गोव्याच्या अग्निशमन दलातून निवृत्त झालोय. हा अभिप्राय आहे डिचोली बाजारातल्या एका लहानशा वकिली ऑफिसाबद्दल. सरकारी नोकरांची पेन्शन, ग्रॅच्युइटी, वारसांचे अर्ज, बहुतेक असलीच कामं तिथं होतात. नाव लिहीत नाही, कारण वकिलांना जाहिरात करायची मनाई आहे आणि बाईंनी तसं बजावलं होतं. गावातल्या पेन्शनर मंडळींना विचारा, कुणीही जिना दाखवेल.

काम माझं नव्हतं. बंबावर माझ्यासोबत वर्षानुवर्षं असलेल्या एका मित्राला निवृत्तीनंतर जमिनीच्या बनावट कागदपत्रांच्या खटल्यात शिक्षा झाली. गुन्हा त्यानं केला, हे मी मान्य करतो. ज्यांची जमीन गेली त्यांच्या तोंडाकडे बघून दुसरं काही म्हणताच येत नाही. पण त्याची पेन्शन बंद होणार असं कानावर आलं आणि वहिनींना रात्र रात्र झोप लागेना. घर त्या पैशावर चालतं. आधीच्या एका वकिलानं त्यांना सांगितलं होतं, "जामीन झालाय, अपील टाकलंय, आता पेन्शनला धोका नाही." त्या भरवशावर महिने गेले.

डिचोलीच्या बाईंनी पहिल्या दहा मिनिटांत तो भरवसा काढून घेतला, आणि त्याबद्दल मी त्यांना सगळ्यात जास्त गुण देईन. अपिलात शिक्षेला स्थगिती मिळाली म्हणून दोष पुसला जात नाही. दोषसिद्धीला वेगळी स्थगिती मागावी लागते आणि न्यायालय ती सहसा देत नाही. मग त्यांनी १९७२ च्या केंद्रीय नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियमांतला आठवा नियम वहिनींसमोर ठेवला. पुढंही वागणूक चांगली राहील, ही प्रत्येक पेन्शनची गृहीत अट आहे. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या पेन्शनरची पेन्शन सरकार रोखू शकतं किंवा काढून घेऊ शकतं. २०२१ मध्ये नवे नियम आले, त्यांतही ही अट कायम आहे.

वहिनी रडायला लागल्या. बाई थांबल्या, पाणी दिलं, आणि मग म्हणाल्या, "काकी, आता पुढची ओळ ऐका. पूर्ण किंवा काही भाग. कायमची किंवा ठरावीक मुदतीसाठी. आपलं भांडण इथं आहे."

आजवर हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. काही भागच कापला, तर उरलेली रक्कम किमान पेन्शनच्या खाली नेता येत नाही. सातव्या वेतन आयोगानंतर हे किमान ९,००० रुपये आहे. निर्णय निकालपत्र बघून घ्यायचा असतो, म्हणून बाईंनी निकालाची प्रमाणित प्रत मागवून घेतली आणि तीत त्याच्या नोकरीचा कुठंही संबंध येत नाही, हे परिच्छेद दाखवून सरकारकडे करायच्या अर्जात मांडलं. पेन्शन ही सरकारची बक्षिसी नाही, ती संविधानाच्या ३०० अ कलमाखाली मालमत्ता आहे आणि कायद्याच्या आधाराशिवाय काढता येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ मधला झारखंडच्या प्रकरणातला निकालही जोडला. अर्ज इंग्रजीत होता. वहिनींना इंग्रजी येत नाही. बाईंनी एकेक वाक्य मराठीत सांगितलं आणि प्रत्येक वाक्याला वहिनींची मान हलल्यावरच पुढं गेल्या. सही त्यानंतर.

सरकारचा निर्णय अजून यायचाय. तो कसाही आला तरी माझं मत बदलणार नाही.

या निमित्तानं माझंही एक मत पक्कं झालं. माझा भाचा अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात राहतो आणि तिथल्या गावच्या अग्निशमन दलात बिनपगारी स्वयंसेवक आहे. अशांसाठी तिथं सेवाकाल पुरस्काराची योजना असते. कॉलवर जाणं, सराव, प्रशिक्षण, बैठका यांचे गुण मिळतात. वर्षात ५० गुण भरले की ते वर्ष हिशेबात धरतात आणि ठरलेल्या वयानंतर पैसे मिळतात. तिकडं स्वतःच आग लावून मग विझवायला धावलेले स्वयंसेवकही पकडले गेलेत. अशा माणसाला एक पैसासुद्धा मिळू नये, असं मी छातीठोक म्हणतो. ज्यानं बंबावरच्या विश्वासालाच काडी लावली, त्याची सेवा कसली धरायची? त्याच राज्यात २०१७ मध्ये मतदारांनी संविधान बदललं आणि पदाच्या कामाशी संबंधित मोठ्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या सार्वजनिक अधिकाऱ्याची पेन्शन कमी किंवा रद्द करायचा अधिकार न्यायालयाला दिला. पदाच्या कामाशी संबंधित, ही अट मला फार योग्य वाटते. आमच्या नियमात ती नाही. माझ्या मित्रानं विहिरीतून माणसं काढलीत, उन्हाळ्यात काजूच्या बागांत वणव्याशी झुंजलाय, पावसात रस्त्यावर पडलेली झाडं रात्रभर कापलीत. जमिनीच्या गुन्ह्याची शिक्षा त्यानं तुरुंगात भोगावी. ते दिवस खोटे नव्हते.

ऑफिसात उणिवा आहेत. जिना उभा आहे, कठडा नाही, आणि येणारे बहुतेक साठीच्या पुढचे. याचं काहीतरी करायलाच हवं. फोन उचलत नाहीत. पहिल्या भेटीचे ५०० रुपये आधीच सांगतात, पण अर्जाचे किती होतील हे विचारल्याशिवाय कळत नाही. पावती मात्र न मागता मिळाली.

जायचं असेल तर सकाळी लवकर जा, दुपारनंतर बाई कोर्टात असतात. पीपीओची (पेन्शन देण्याच्या सरकारी आदेशाची) प्रत, शेवटचं बँक पासबुक आणि खात्याकडून आलेला प्रत्येक कागद पाकिटासकट न्या, कारण मुदत मोजायला पाकिटावरचा टपालाचा शिक्का लागतो. खटला चालू असतानाच निवृत्त होणार असाल, तर निकालाची वाट न बघता जा. अशा वेळी तात्पुरती पेन्शन मिळते, पण ग्रॅच्युइटी खटला संपेपर्यंत अडकते, आणि घरखर्चाची जुळणी आधीच करावी लागते.