घोड्यांना दाणा जास्त की वैरण जास्त? ठरवण्याआधी

पैदाशीसाठी किंवा दुधासाठी घोडे पाळणाऱ्यांपुढे मुख्य रस्ते दोनच असतात. एक म्हणजे दिवसातून दोन-तीन वेळा मोजून चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, द्यायची आणि वैरण जोडीला, जेवढी परवडेल तेवढी. दुसरा म्हणजे वैरण दिवसभर समोर ठेवायची आणि दाणा ज्याला लागतो त्यालाच, लागेल तेवढाच घालायचा. मी दोन्ही पद्धतींवर घोडे ठेवले आहेत. सध्या माझ्याकडे दुसरी पद्धत आहे, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. तरीही चंदीवर घोडे ठेवणारी माणसं ते उगाच करत नाहीत.

चंदीच्या बाजूने बोलायचं तर पहिली गोष्ट जागेची. दाण्याची पोती एका खोलीत मावतात. वैरणीला मात्र मोठी, कोरडी, हवेशीर शेड लागते आणि ती वर्षभर अडकून पडते. दुसरी गोष्ट अशी की दाण्याचा दर्जा फारसा हलत नाही. या महिन्याचे ओट आणि पुढच्या महिन्याचे ओट यांत जो फरक असतो, त्यापेक्षा कितीतरी मोठा फरक दोन कापण्यांच्या गवतात असतो. अंगावर मांस लवकर चढतं, कांती चमकते. आणि एक फायदा मला आजही मोलाचा वाटतो: चंदीच्या वेळी प्रत्येक घोड्याची भूक समोर दिसते. बादलीला तोंड न लावणारा घोडा त्याच क्षणी ओळखू येतो. निम्मे आजार असेच पकडले जातात म्हणा ना. वैरण सतत समोर असली की ही खूण जाते. मग लीद किती पडली, पाणी किती संपलं, कोण कळपापासून लांब उभा आहे, यावर डोळा ठेवावा लागतो.

अडचण सुरू होते ती घोड्याच्या पोटापासून. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचं. मोकळा सोडलेला घोडा दिवसातले १४ ते १८ तास थोडं थोडं चरतो, आणि ते जठर त्याच रीतीसाठी घडलेलं आहे. त्यात आम्ल चोवीस तास पाझरत राहतं, पोट भरलेलं असो वा रिकामं. ते आम्ल शमवणारी लाळ मात्र फक्त चावतानाच सुटते. एक किलो वाळलेलं गवत संपवायला घोड्याला साधारण ४० मिनिटं लागतात, तेवढ्यात जबडा तीन हजारांहून जास्त वेळा फिरतो. एक किलो ओट दहा-बारा मिनिटांत फस्त होतात, तेही हजाराच्या आसपास चावण्यात. जठराच्या वरच्या भागाच्या आतल्या अस्तराला आम्लापासून संरक्षण जवळजवळ नसतं. रिकाम्या पोटी आम्ल तिथवर उसळलं की व्रण होतात. असा घोडा सहसा लंगडत नाही की लोळत नाही. तो चिडका होतो, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) ओढताना चावायला येतो, दाणा अर्धवट टाकतो. मग लोक म्हणतात, स्वभावच खराब आहे.

पुढचा भाग आतड्यांचा. दाण्यातला स्टार्च लहान आतड्यात पचला पाहिजे. एका वेळी जास्त आला की न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात उतरतो. तिथे काड्या-पात्यांचा तंतू आंबवणारे जिवाणू असतात आणि घोड्याची बरीचशी ऊर्जा तेच तयार करतात. स्टार्च पोचला की तिथे लॅक्टिक आम्ल साचतं, हे उपयोगी जिवाणू मरतात, विषारी द्रव्यं रक्तात उतरतात. त्यातून कधी पोटशूळ, कधी लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या पदरांची सूज. आता एका वेळी किलो वजनामागे एक ग्रॅम स्टार्चच्या आत राहा असं सांगितलं जातं. ५०० किलोच्या घोड्यासाठी हा हिशेब ओटचा सव्वा किलोच्या आसपास आणि मक्याचा जेमतेम पाऊण किलो होतो. शिवाय मक्याचा स्टार्च न भरडता, न शिजवता दिला तर लहान आतड्यात ओटच्या मानाने कमीच पचतो. किती तबेल्यांत एवढ्या छोट्या मापाने दाणा दिला जातो, हे ज्याने त्याने आपल्या बादलीकडे बघून ठरवावं. मांसासाठी झटपट वजन वाढवायचं असतं तिथे तर सगळा भर दाण्यावरच असतो, आणि घोड्याला त्याची सर्वात जास्त किंमत तिथेच मोजावी लागते.

हे सगळं खरं असलं तरी माझा निर्णय यावरून झाला नाही. तो झाला चंदीच्या वेळेच्या आधीच्या अर्ध्या तासावरून.

ज्यांनी हे पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. बादलीची कडी वाजली, किंवा नुसती कोठीच्या दाराची बिजागरी वाजली, की सगळा तबेला उठून बसतो. एक दारावर लाथा मारतो, दुसरा पुढच्या पायाने जमीन उकरत राहतो, तिसरा दारापाशी डावी-उजवीकडे झुलायला लागतो. माझ्याकडची एक कुमैत (तांबूस-तपकिरी) घोडी गव्हाणीची कड पुढच्या दातांत धरायची, मान ताणून कमानीसारखी करायची आणि घशातून आवाज काढत हवा ओढायची. ओढायची, सोडायची, पुन्हा धरायची. लाकडाची कड खालपासून खरवडून पांढरी पडली होती आणि तिच्या पुढच्या दातांना तिरकी झीज आली होती. चंदी खाऊन झाल्यावर हे थांबायला हवं होतं, पण तेव्हा उलट जास्त व्हायचं. दहा मिनिटांत बादली रिकामी, आणि पुढचे कितीतरी तास तोंडाला काही काम नाही. हवा ओढणारे घोडे दाणा खाल्ल्यावर जास्त ओढतात, हे अनेकांच्या पाहण्यात आलेलं आहे. माझ्या पाहण्यात तर रोजच होतं.

वाड्यात एकत्र सोडलेल्या घोड्यांचं याहून वाईट. मोजून देणं हा चंदीचा सर्वात मोठा फायदा सांगतात, पण कळपात ते माप बादलीपुरतंच उरतं. दोन दांडग्या घोड्या कान मागे टाकून आपली चंदी संपवतात आणि शेजारच्या गव्हाणीवर जातात. धाकटी घोडी कडेला घुटमळत राहते. तिच्या पुठ्ठ्यावर चावल्याच्या खुणा, बरगड्या दिसायला लागलेल्या. दांडगीच्या मानेवर चरबीचा पट्टा चढलेला. दोघींना कागदावर तितकाच दाणा. रोज दोन-तीन वेळा हा गोंधळ बघायचा, त्यात माणसालाही लाथ बसण्याची धास्ती, याचा मला खरोखर वीट आला. घोडे आपली वाट पाहतात याचा आनंद वाटायला हवा. इथे मात्र प्रत्येक वेळी वाटायचं, यांना उपाशीपणाची भीती बसली आहे.

वैरण दिवसभर ठेवायला लागल्यावर पहिला बदल जाणवला तो आवाजाचा. लाथांचा आवाज गेला. काही दिवस घोडे अधाशासारखे खात राहिले, मग गवत संपत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते खाऊन बाजूला उभे राहायला लागले, आडवे होऊन झोपायला लागले. कुमैत घोडीची सवय पूर्ण गेली नाही. जुनी सवय सहसा जात नाही. पण आता ती क्वचितच गव्हाण धरते. याचं मोजमाप माझ्याकडे नाही, फक्त रोजचं बघणं आहे.

एक काळजी मात्र घ्यावीच लागते: वैरणीच्या जागा घोड्यांच्या संख्येपेक्षा एक-दोन जास्त हव्यात आणि एकमेकींपासून लांब हव्यात. एकच मोठा ढीग घातला तर दांडगाई तिथेही चालते.

आता वैरणीचा त्रासही सांगायला हवा, कारण तो थोडा नाही. कमी खाऊनही फुगणारे घोडे, विशेषतः पोनी, मोकळ्या वैरणीवर लठ्ठ होतात, आणि लठ्ठ घोड्याला दाणा न खाताही लॅमिनायटिस होतो. कोवळ्या लुसलुशीत गवतातली साखर त्याला पुरेशी असते. अशांना बारीक भोकांच्या जाळीतून गवत द्यावं, म्हणजे तेवढंच गवत जास्त वेळ पुरतं. नाल असलेल्या घोड्याचा पाय जाळीत अडकतो, त्यामुळे त्याच्यासाठी जाळी खोक्यात पक्की बसवावी. एरवी जमिनीलगत खाणं उत्तम, मान खाली असली की श्वासनलिकेतली घाण बाहेर पडायला मदत होते. गवत पाण्यात भिजवून निथळून दिलं तर साखर कमी होते आणि धूळही उडत नाही, मात्र काही खनिजंही पाण्याबरोबर जातात.

धूळ ही वैरणीची दुसरी खोड. गठ्ठा सोडल्यावर भुरका उडाला किंवा कुबट वास आला तर ते गवत घोड्यासमोर जाऊच नये. दम्यासारखा खोकला लागला की तो आयुष्यभर पुरतो. गाई-म्हशी जे खपवून घेतात ते घोडा खपवून घेत नाही. त्याला ओकारी येत नाही, त्यामुळे चुकीचं पोटात गेलं की परतीची वाट नाही. फार जून, काडीदार गवत आणि जोडीला पाणी कमी, असं झालं तर आतड्यात गोळा अडकून पोटशूळ होतो. सुकं गवत खाणाऱ्या घोड्याला ताजं पाणी कायम हवं, हातचं राखून नको.

खनिजांचा विषय दोन्हीकडे आहे, पण वेगळा. दाण्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. कोंड्यात तर फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट. हे बराच काळ चाललं की शरीर हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं, चेहऱ्याची हाडं फुगतात, पाय दुखरे होतात. कोंडा हलका आणि पोटाला चांगला म्हणून रोज घालणाऱ्यांनी याचा विचार करावा. वैरणीकडे तांबं, जस्त, मीठ कमी पडतं आणि सुकवलेल्या गवतातलं ई जीवनसत्त्व बरंचसं गेलेलं असतं. म्हणून नुसती वैरण म्हणजे पूर्ण आहार नव्हे. मिठाचा खडा आणि मूठभर खनिज मिश्रण लागतंच.

दाणा कोणाला द्यावाच लागतो? पाजणाऱ्या घोडीला. पहिल्या तीन महिन्यांत ती रोज आपल्या वजनाच्या सुमारे तीन टक्के दूध देते आणि तिची ऊर्जेची गरज जवळपास दुप्पट होते. चांगलं गवत आणि लसूणघास देऊनही काही घोड्या उतरतात. दात झिजलेल्या म्हाताऱ्या घोड्यांना, जड काम करणाऱ्यांना, आजारातून उठलेल्यांनाही. पण इथेही मी आधी लसूणघास, भिजवलेला बीटचा चोथा, थोडं तेल असं बघतो आणि मग दाण्याकडे वळतो, तोही तीन-चार छोट्या वाट्यांत आणि गवत खाऊन झाल्यावर. वाढत्या शिंगरांना मात्र भसाभसा दाणा घालून लवकर मोठं करायच्या फंदात मी पडत नाही. वाढ झपाट्याने झाली की सांध्यांच्या कूर्चेत दोष राहण्याचा धोका वाढतो.

ज्यांच्याकडे शेड लहान आहे, चांगलं गवत वर्षभर मिळण्याची खात्री नाही, त्यांना सगळं एकदम बदला असं मी सांगणार नाही. चंदी ठेवा, पण वैरण रोज वजनाच्या किमान दीड टक्का कोरडी पडते का एवढं आधी बघा. ५०० किलोच्या घोड्याला म्हणजे साधारण साडेआठ-नऊ किलो वाळलेलं गवत. डोळ्याने अंदाज करू नका, गठ्ठा एकदा काट्याला लावाच, आपल्याला वाटतं त्यापेक्षा तो बहुधा हलका भरतो. तेवढं झालं की दाण्याचं माप दोन आठवडे हळूहळू खाली आणा, एकदम तोडू नका, कारण आतड्यातल्या जिवाणूंना नवीन खाण्याशी जुळवून घ्यायला तेवढे दिवस लागतातच. सुरुवात गाभण किंवा पाजत्या नसलेल्या, धडधाकट घोड्यांपासून करा. विण्याच्या तोंडावर आलेल्या घोडीचा आहार त्या दिवसांत हलवू नका, तिचं शिंगरू दूध सोडेपर्यंत थांबा.