दूरच्या वडीलधाऱ्यांना घरची खुशाली कशी कळवावी : फोन, ध्वनिसंदेश की आंतरदेशीय पत्र?

परगावी राहणाऱ्या वृद्ध नातेवाइकाला घरची आणि शेजारपाजारची हकिकत नियमित कळवायची असेल, तर कोणता मार्ग धरावा हे त्या माणसाचे कान, डोळे आणि त्याची रिकामी दुपार पाहून ठरवावे. माझी थोरली आत्या इंदूरला असते आणि तिच्यासाठी मी तिन्ही मार्ग वापरून पाहिले आहेत.

तातडीच्या बातमीला फोनच हवा. मात्र रोजच्या बारीकसारीक गोष्टी फोनवर राहूनच जातात. ‘सगळे बरे ना, जेवणे झाली का’ एवढ्यावर बोलणे आटोपते. शिवाय ऐकू कमी येत असेल, तर पुन्हा पुन्हा विचारायचा संकोच वाटतो. शेजारच्या काकू काशीला गेल्या, असे मी सांगितले, तेव्हा आत्याला फक्त ‘काकू गेल्या’ एवढेच ऐकू आले आणि पुढचे दोन दिवस तिला घास गोड लागला नाही. व्हिडिओ कॉलवर अंगण आणि नातवंडे दिसतात हे खरे, पण तो लावून द्यायला घरात कोणीतरी मोकळे असावे लागते.

व्हॉट्सॲपवरचा ध्वनिसंदेश त्या मानाने सोयीचा आहे. आवाज आपल्या माणसाचा असतो, तो हवा तितक्या वेळा ऐकता येतो आणि भाजी निवडता निवडताही बोलून पाठवता येतो. संदेश दोन-तीन मिनिटांचाच ठेवावा. लांबला की महत्त्वाची गोष्ट त्यात हरवते आणि महिन्याभराने ती शोधूनही सापडत नाही.

ज्यांची नजर शाबूत आहे, त्यांच्यासाठी मात्र मी आंतरदेशीय पत्रालाच पहिला मान देईन. ते अडीच रुपयांना मिळते. पोस्टकार्ड ५० पैशांचे असले, तरी त्यावरचा मजकूर उघडा राहतो आणि शेजारच्या घरी जुळत आलेली सोयरीक त्यावर लिहिणे बरे दिसत नाही. आंतरदेशीय पत्रात काही घालून पाठवता येत नाही, त्यामुळे मुंजीचा फोटो पाठवायचा असेल, तर पाकीटच घ्यावे. पत्र किती दिवसांत पोहोचेल याचा भरवसा देता येत नाही. निदान पिनकोड तरी सुवाच्य लिहावा. १५ ऑगस्ट १९७२ पासून चालत आलेली ही सहा आकडी योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने आखलेली आहे.

पत्राची जागा मोजकी असल्यामुळे लिहिणारा निवडून लिहितो, आणि शेवटी ‘मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद’ समासात आडवे लिहावे लागते. आत्या ते दुपारी चष्मा लावून वाचते, उशीखाली ठेवते आणि संध्याकाळी सुनेकडून पुन्हा वाचून घेते. म्हणून नजर अधू असेल तर आठवड्याला एक ध्वनिसंदेश, नजर चांगली असेल तर महिन्याला एक पत्र, आणि फोन केवळ निकडीला, अशी वाटणी मी सुचवेन. मागच्या महिन्यात आत्याचे उत्तर आले, त्यात पहिलाच प्रश्न होता, ‘तोंडलीचा वेल मांडवावर चढला का?’