फँटसीवरची विनामूल्य व्याख्याने: मिशिगन, ऑल्सेन की ऑक्सफर्ड?

अभिजात फँटसी साहित्यावर इंग्रजीत फुकट ऐकता येण्याजोगी विद्यापीठीय व्याख्याने आता पुष्कळ आहेत. आपल्यापाशी वेळ मात्र जेमतेम एखाद्या मालिकेपुरता असतो. निवड करताना व्याख्याता किती नामांकित आहे यापेक्षा आपण शेजारी पुस्तक उघडून बसणार आहोत की नाही, हे आधी ठरवावे, कारण पुढील पर्यायांतला खरा फरक तिथेच पडतो.

मिशिगन विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक एरिक रॅबकिन यांचा कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरील अभ्यासक्रम २०१२ साली सुरू झाला. ग्रिम बंधूंच्या कथा, अॅलिस, ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइन असे करत तो ब्रॅडबरी आणि अर्सुला ल ग्विन यांच्यापर्यंत येतो, म्हणजे उत्तरार्ध बहुतांशी विज्ञानकथेचा आहे; निव्वळ फँटसीच्या ओढीने येणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. पुस्तक वाचायचे, त्यावर २७० ते ३२० शब्दांचा निबंध लिहायचा आणि बहुतेक व्याख्याने त्यानंतर ऐकायची, अशी त्याची मूळ रचना. निबंध सहाध्यायीच तपासतात, त्यामुळे शेऱ्यांचा दर्जा सारखा राहत नाही. पण स्वतःचे मत आधी कागदावर उतरवावे लागते, हा लाभ मला मोठा वाटतो. फी न भरता किती भाग खुला आहे, हे नोंदणी करतानाच पाहून घ्यावे.

कोरी ऑल्सेन यांची तऱ्हा अगदी वेगळी. ते मेरीलँडमधील वॉशिंग्टन कॉलेजात शिकवत (नावावरून ते राजधानीत असावे असे वाटते, पण तसे नाही) आणि २००९ पासून त्यांनी ‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टॉल्किन यांच्यावरील आपली व्याख्याने पॉडकास्टवर मोफत ठेवायला सुरुवात केली. ‘द हॉबिट’च्या पहिल्याच प्रकरणात नायक बिल्बो जादूगार गॅन्डाल्फला ‘गुड मॉर्निंग’ म्हणतो, तेव्हा ही शुभेच्छा आहे, की सकाळ मुळातच छान आहे, की तुला आज छान वाटते आहे, असे गॅन्डाल्फ त्याला विचारतो; आणि थोड्याच वेळात बिल्बो तेच दोन शब्द पाहुण्याला वाटेला लावण्यासाठी वापरतो. अशा जागी थांबून शब्द उलगडत बसणे हा ऑल्सेन यांचा पिंड आहे. मात्र ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वरील त्यांची २०१७ पासूनची मालिका इतकी सावकाश चालते की एका सत्रात कित्येकदा मोजकेच परिच्छेद होतात. कादंबरी एकदा तरी वाचून झाल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये.

ऑक्सफर्डच्या पॉडकास्ट संकेतस्थळावरील फँटसी साहित्याची व्याख्याने आटोपशीर असतात आणि ध्वनिफिती उतरवून घेता येतात. एखाद्या लेखकाची तोंडओळख करून घेऊन मग पुस्तक घ्यायचे की नाही हे ठरवण्यास ती पुरतात, त्याहून अधिक अपेक्षा ठेवू नये. टॉल्किन १९२५ ते १९४५ या काळात ऑक्सफर्डमधील ज्या पेम्ब्रोक कॉलेजात होते, तेथे २०१३ पासून त्यांच्या नावाची व्याख्यानमाला चालते. तिच्यात सुझन कूपर, मार्लन जेम्स यांच्यासारखे लेखक स्वतः बोलले आहेत. लेखकाच्या तोंडून लेखनाविषयी ऐकण्याची गोडी त्यात आहे, पण सलग अभ्यासक्रम नाही.

खर्चाचा मुद्दा बहुधा पुस्तकांपाशी येऊन अडतो. ग्रिम, कॅरॉल (अॅलिस), स्टोकर (ड्रॅक्युला), मेरी शेली (फ्रँकेन्स्टाइन) यांची पुस्तके प्रोजेक्ट गटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. याउलट भारतात स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो आणि टॉल्किन १९७३ साली वारले, त्यामुळे त्यांची पुस्तके २०३३ अखेरपर्यंत विकत किंवा वाचनालयातून आणावी लागतील.

लिहिण्याची तयारी असेल आणि आठवड्याला एक पुस्तक झेपत असेल, तर रॅबकिन यांच्याकडे जावे. बसमध्ये किंवा भाजी निवडताना ऐकायचे असेल, तर ऑक्सफर्ड बरे. घरात ‘द हॉबिट’ची प्रत असेल, तर मात्र मी ऑल्सेन यांची त्या पुस्तकावरील जुनी व्याख्यानेच सुचवीन, दर प्रकरण आधी वाचून मगच त्याचे व्याख्यान ऐकावे, एवढ्या अटीवर.