डॅलस की डेन्व्हर?

भाचीच्या नवऱ्याला दोन्हीकडे नोकरी मिळतेय. तिच्याकडे वर्क परमिट आहे, दुकानात काम करायची तयारी आहे. "मामा, कुठे जाऊ?"

टेक्सासचा कायदा शहरांना खासगी नोकऱ्यांचं किमान वेतन वाढवू देत नाही. म्हणून डॅलसमध्ये तासाला २००९ पासूनचेच ७.२५ डॉलर. जास्त मिळालं तर ती मालकाची मर्जी. आजारपणाची पगारी रजा शहराने २०१९ मध्ये आणली, ती कोर्टात अडली. ताप आला की त्या दिवसाचे पैसे बुडू शकतात, हे मला फार खुपतं.

कोलोरॅडोने २०१९ मध्ये शहरांना मुभा दिली. डेन्व्हरचा २०२५ चा दर १८.८१ डॉलर, तीस तासांच्या कामामागे तासभर पगारी आजारपणाची रजा राज्याच्याच कायद्यात.

टेक्सासात राज्याचा आयकर नाही. घर नवऱ्याच्या पगारावर चालणार असेल तर डॅलस. तुझ्या तासांवर भिस्त असेल तर डेन्व्हरच.