सात महिन्यांचा वापर: फोमच्या विमानातला एच७४३ ऑटोपायलट आणि नाकावरची एक नळी

विमान स्वतः सांभाळणारा हा छोटा संगणक, म्हणजे ऑटोपायलट बोर्ड, घ्यावा का, तर घ्यावा. फक्त विकणारे ज्या गुणासाठी तो घ्या म्हणतात, तो गुण दुय्यम आहे. सगळा जोर ‘दोन-दोन आयएमयू’वर असतो; आयएमयू म्हणजे विमानाचं फिरणं (जायरो) आणि प्रवेग (ॲक्सिलरोमीटर) मोजणारी चिप. डिसेंबर ते जून वापर झाल्यावर कळतं की विमान घरी परत येणार की नाही, हे बहुतेक वेळा नाकावरची पिटो नळी, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग मोजणारी नळी, ठरवते.

जोडणी अशी: एसटीएम३२एच७४३ प्रोसेसरचा बोर्ड, मुख्य आयएमयू आयसीएम-४२६८८-पी, हवेच्या दाबावरून उंची काढणारा बॅरोमीटर डीपीएस३१०, बाहेरून यू-ब्लॉक्स एम१० जीपीएस-कंपास आणि एमएस४५२५डीओ हा हवेच्या वेगाचा सेन्सर. विमान मागे प्रॉप असलेलं, फोमचं, पंख १.८ मीटर, वजन १.९ किलो, सरळ उड्डाणात वेग १५ मीटर प्रति सेकंद. बोर्डातली प्रणाली (फर्मवेअर) आर्डुप्लेन, जमिनीवर लॅपटॉपवर मिशन प्लॅनर.

आधी जडत्वाचं गणित, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतो. जायरोचा शून्य बिंदू सेकंदाला ०.०१ अंशाने सरकलेला असेल, तर मिनिटभरात क्षितिज ०.६ अंश कलतं. त्या कलण्यामुळे गुरुत्वाकर्षणाचा थोडा भाग आडव्या प्रवेगासारखा दिसतो. जागेची चूक काळाच्या घनाने वाढते: ३० सेकंदांत ८ मीटर, मिनिटात ६२ आणि दोन मिनिटांत जवळजवळ ५०० मीटर. प्रवासी विमानांतल्या रिंग लेझर जायरोची चूक तासाला ०.०१ अंशाच्या घरात असते, म्हणून ती यंत्रणा तासाभरात साधारण एक सागरी मैल भटकते. पृथ्वी स्वतः तासाला १५ अंश फिरते. महागडा जायरो तेवढ्या फिरण्यावरून उत्तर दिशा शोधतो, आपल्या चिपला ते फिरणं स्वतःच्या खरखरीतून वेगळं काढता येत नाही. थोडक्यात, या बोर्डाचा आयएमयू विमान सरळ ठेवायला उत्तम, पण ‘मी कुठे आहे’ या प्रश्नावर त्याचा भरवसा अर्ध्या मिनिटापुरता. बाकीचं काम ईकेएफ३ करतो, म्हणजे सगळ्या सेन्सरचे आकडे जुळवून जागा आणि वेगाचा अंदाज काढणारा फर्मवेअरचा भाग. त्यात २४ अवस्था आहेत. जायरो आणि ॲक्सिलरोमीटरच्या चुका आणि वाऱ्याचे दोन घटकही त्यातच मोजले जातात.

तापमान हा पहिला खरा त्रास. या बोर्डाला हीटर नाही. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी १०-१२ अंशांत सुरू केलेला बोर्ड बंद फोमच्या पोटात दहा मिनिटांत चांगलाच तापतो आणि जायरोचा शून्य बिंदू त्याबरोबर सरकतो. उपाय फ्रीजरचा. बोर्ड झिपच्या पिशवीत सिलिका जेलसह घालून दोन तास फ्रीजरमध्ये ठेवायचा. आयएमयूच्या तापमान कॅलिब्रेशनचा पर्याय आधीच २ वर, म्हणजे ‘शिक’ वर, करून ठेवायचा. मग बोर्ड पिशवीतून न काढता वीज द्यायची आणि तो आपोआप गरम होईपर्यंत अजिबात हलवायचा नाही. पिशवी उघडली की दव धरतं आणि सगळा खटाटोप वाया जातो. दोन्ही आयएमयूंचं हे एकदाच करावं लागतं. सहा बाजूंचं ॲक्सिलरोमीटर कॅलिब्रेशन त्यानंतर करावं, आधी नव्हे.

बसवताना स्पंज वापरू नये. दुहेरी चिकटपट्टीचे चार छोटे तुकडे पुरतात. बोर्डाला जाणारी वायर ताठ असेल तर ती मोटरची थरथर थेट आयएमयूपर्यंत पोहोचवते, म्हणून मऊ सिलिकॉन वायर हवी. ती आणि हीट श्रिंक तपकीर गल्लीत मिळते. लॉगमध्ये, म्हणजे उड्डाणाच्या नोंदीत, थरथरीचे आकडे ३० मीटर प्रति सेकंद वर्गाखाली आणि क्लिपिंग (सेन्सर पल्ल्याच्या टोकाला जाऊन आदळणं) शून्य हवं. ६० ओलांडलं की उंची धरणं हमखास बिघडतं. क्लिपिंग वाढताना दिसलं तर फिल्टरशी खेळत बसू नका, प्रॉप बॅलन्स करा. आमच्याकडे तरी दहातल्या नऊ वेळा दोष प्रॉपचाच निघाला.

आता पिटो. हवेचा वेग मोजायला या सेन्सरकडे किती कमी दाब असतो, हे एकदा आकड्यांत पाहावं. १५ मीटर प्रति सेकंदाला गतिज दाब १३८ पास्कल. सेन्सरचा पल्ला १ पीएसआय, म्हणजे ६८९५ पास्कल. पल्ल्याच्या दोन टक्क्यांत सगळा खेळ. शून्य बिंदू २० पास्कल सरकला तरी १५ चा आकडा १३.९ दिसतो. जमिनीवर उभ्या विमानात २-३ मीटर प्रति सेकंद दिसलं म्हणून घाबरू नये; वेग दाबाच्या वर्गमुळाने निघतो, त्यामुळे ३ पास्कलची खरखरही २.२ चा आकडा देते. पण ६-७ दिसलं तर उडवू नये.

शून्य करण्याची पद्धत: नळीवर सैल टोपी घालायची (घट्ट नको, आत दाब अडकतो), वीज द्यायची, सेन्सर पाच मिनिटं तापू द्यायचा, मग मिशन प्लॅनरमधून पुन्हा शून्य करायचं. सुरू होताच एकदा आपोआप शून्य होतं, पण ते थंड सेन्सरवर. मे महिन्यात विमान उन्हात उभं राहिलं तर आकडा पुन्हा सरकतो, तेव्हा सावलीत ठेवा, निदान नाकावर ओला नसलेला पंचा टाका. नंतर टोपी काढून समोरून फुंकर घालायची आणि आकडा वाढतो का बघायचं. नळीला तोंड लावून फुंकू नये, थुंकी आत जाते. दाबावरून वेग काढताना वापरल्या जाणाऱ्या गुणोत्तराची मूळ किंमत दोनच्या आसपास असते. आपोआप जुळवणी चालू करून पाच मिनिटं गोल घिरट्या घातल्या की ती स्थिरावते, मग जुळवणी बंद करायची. ती कायम चालू ठेवू नका. नळी अर्धवट तुंबली तर विमान त्या चुकीलाच खरं मानून शिकत जातं.

तुंबलेली नळी मूर्ख आकडा दाखवेल, असं वाटतं. ती पटण्यासारखा आकडा दाखवते, धोका त्यातच आहे. पुढचं भोक चिखलाने बंद झालं आणि स्थिर दाबाचं भोक उघडं राहिलं, तर आतला दाब जिथल्या तिथे अडकतो. विमान चढतं, बाहेरचा दाब दर मीटरला साडेदहा पास्कलच्या आसपास कमी होतो. २० मीटर चढताच फरक २१० पास्कलने वाढतो आणि १५ चा आकडा २४ होतो. टेक्स, म्हणजे वेग आणि उंची एकत्र सांभाळणारा भाग, समजतो की वेग जास्त झाला. तो थ्रॉटल कमी करतो आणि नाक वर उचलतो. पुढे स्टॉल, म्हणजे वेग कमी पडून पंखांची उचल सुटते. कुंभारमाशी गोदामात ठेवलेल्या विमानाच्या नळीत दोन दिवसांत घर करते, त्यामुळे टोपी ही आळसाने विसरायची वस्तू नाही. उपाय फर्मवेअरमध्येच आहे: हवेचा वेग आणि जीपीएसचा वेग यांत किती फरक चालेल याची मर्यादा. सुरुवातीला ती शून्यावर, म्हणजे बंद असते. आमच्या माळावरच्या वाऱ्याला १५ ठेवली आहे. मर्यादा ओलांडली की सेन्सर बाद होतो आणि विमान वाऱ्याच्या अंदाजावर उडतं.

पुण्याची हवा इथे आणखी एक गोष्ट करते. शहर समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंच. ३५ अंशांच्या दुपारी हवेची घनता प्रमाण घनतेपेक्षा साधारण साडेबारा टक्के कमी. स्टॉलचा दाखवलेला वेग तोच राहतो, प्रत्यक्ष वेग सात टक्के वाढतो. पिटो असेल तर किमान वेगाची मर्यादा बदलावी लागत नाही, कारण पिटो आणि पंख दोघांनाही तीच हवा लागते. जीपीएसच्या वेगावर उतरणाऱ्याला मात्र मे महिन्यात जमीन नेहमीपेक्षा वेगाने येताना दिसते. जूनमध्ये पश्चिमेचा वारा ८ मीटर प्रति सेकंद असला की जीपीएस पाठच्या वाऱ्यात २३ आणि समोरच्या वाऱ्यात ७ दाखवतो. ७ पाहून घाबरून नाक खाली दाबणारे पाहिले आहेत.

बॅरोमीटरबद्दल एवढंच: सकाळी १० ते दुपारी ४ दरम्यान हवेचा दाब दररोज दोन-तीन हेक्टोपास्कलने उतरतो, म्हणजे उंचीत साधारण २० ते ३० मीटर. सकाळी वीज दिलेलं विमान दुपारी तसंच उडवू नका, पुन्हा सुरू करा. बोर्डावर खिडकीतून थेट ऊन आणि झोत येत असेल तर बॅरोमीटरवर स्पंजचा तुकडा ठेवावा. स्पंजचं काम फक्त इथे.

जीपीएस मुद्दाम बंद करून पाहण्याची चाचणी जरूर करा. रेडिओच्या एका स्विचला ६५ क्रमांकाचा पर्याय द्यायचा. १०० मीटर उंचीवर दोन-तीन पूर्ण गोल फेऱ्या मारायच्या, कारण वळल्याशिवाय ईकेएफला वारा नीट कळत नाही. मग स्विच टाकायचा, बोट त्यावरच ठेवायचं. पिटो असेल तर चूक वाऱ्याच्या अंदाजाइतकीच वाढते: अंदाज १ मीटर प्रति सेकंदाने चुकला तर मिनिटाला ६० मीटर, सरळ रेषेत. वरच्या घनाच्या गणिताशी ताडून बघा. पिटोशिवाय दुसरा त्रासही होतो. सलग वळणात ॲक्सिलरोमीटरला ‘खाली’ म्हणजे विमानाचं पोट वाटतं. वळणाचा वाटा वजा करायला वेग हवा आणि तो नसेल तर क्षितिज हळूहळू वळणाच्या बाजूला कलतं.

कंपास या विमानात बंद केला आहे. बॅटरीच्या वायरपासून दहा सेंटिमीटर दूर ठेवायला नाकात जागाच नव्हती, आणि जीपीएसच्या हालचालीवरून दिशा काढणारा फर्मवेअरमधला जीएसएफ हा भाग विमानासाठी पुरतो. हेलिकॉप्टरसारखं एका जागी थांबणारं काही उडवायचं असेल तर असं करू नका.

वीजपुरवठ्यात बोर्डाची चूक नाही, पण सर्वो (पंख-शेपटीचे पृष्ठभाग हलवणाऱ्या मोटरी) आणि बोर्ड एकाच बीईसीवर, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज उतरवून देणाऱ्या भागावर, नकोत. अडकलेला सर्वो व्होल्टेज खाली ओढतो आणि बोर्ड हवेत रीस्टार्ट होतो. लॉगमध्ये बोर्डाचं व्होल्टेज ०.२ पेक्षा जास्त हेलकावत असेल तर सर्वोला वेगळा बीईसी द्या.

ऑटोट्यून, म्हणजे नियंत्रणाची आपोआप जुळवणी, पातळी ६ वर, आधी रोल, मग पिच, प्रत्येकी वीसेक वेळा स्टिक झटक्याने टोकापर्यंत. वाऱ्यात करू नये. ठरलेल्या रेषेवर विमान किती झटकन वळतं हे ठरवणारा एल१चा काळ १७ वरून एकेकाने कमी करत १४ वर आणला. आणखी कमी केल्यावर विमान रेषेवर नागमोडी चालायला लागलं.

जागा निवडताना डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा पाहणं टाळता येत नाही: लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, पश्चिमेला खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. विमान २ किलोखाली ठेवण्याचं कारणही नियमच; तेवढ्यात ते ड्रोनच्या मायक्रो वर्गात बसतं.

प्रॉप काढून करायची एक तपासणी दर उड्डाणाआधी. एफबीडब्ल्यूए, म्हणजे विमान आपोआप सरळ ठेवणारा मोड, लावून विमान हाताने उजवीकडे झुकवलं की उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग) खाली, डावा वर. नाक खाली केलं की एलिव्हेटर (शेपटीचा हलणारा भाग) वर. उलट दिसलं तर त्याच जागी थांबायचं. रिसीव्हरमध्ये नव्हे, बोर्डात सर्वोची दिशा बदलायची आणि हाताने चालवण्याच्या मोडमध्ये स्टिकची दिशा पुन्हा तपासायची.