चौतीस इंची रुंद मॉनिटर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी घरून मुद्रितशोधनाचे काम करते. एका बाजूला लेखकाची मूळ प्रत आणि दुसऱ्या बाजूला मांडणी झालेली पाने, असे दोन्ही दिवसभर शेजारी शेजारी लागते. पंधरा इंची लॅपटॉपवर सतत एका खिडकीतून दुसरीत उड्या मारून डोळे आणि मान दोन्ही थकत असल्याने ऑगस्ट २०२५ मध्ये ३४ इंची रुंद मॉनिटर घेतला.

खरेदीआधी मीही इंचांचाच हिशोब करत होते. परंतु हे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरके मोजलेले असतात आणि २१:९ आकाराचा पडदा रुंदीला भरपूर व उंचीला बेताचा असतो. ३४ इंची रुंद मॉनिटर जेमतेम २७ इंची नेहमीच्या मॉनिटरइतकाच उंच असतो, म्हणजे सुमारे साडेतेहेतीस सेंटिमीटर. फरक रुंदीत, साठच्या जागी ऐंशी सेंटिमीटर. २९ इंची रुंद मॉनिटर स्वस्त पडतो खरा, पण त्याची उंची २३ इंची मॉनिटरएवढीच भरते आणि पुस्तकाचे उभे पान वाचनीय आकारात त्यावर पूर्ण मावत नाही. ज्यांचे काम आडव्या तक्त्यांचे आहे त्यांना तो कदाचित पुरेल, मला पुरला नसता.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात जाताना मी पेन ड्राइव्हवर माझ्याच कामाची एक फाइल नेली होती आणि आज मागे वळून पाहता तेवढे एक शहाणपणाचे काम केले असे वाटते. दुकानदार पडद्यावर डोंगर, समुद्र आणि रंगीत पोपट दाखवतात. त्यात कोणताही मॉनिटर चांगलाच दिसतो. मी ‘दहा वर्षांपूर्वी’ हे शब्द असलेले पान उघडायला लावले. ‘र्षां’वर रफार आणि अनुस्वार एकमेकांना खेटून बसतात आणि तो अनुस्वार दिसला नाही तर बहुवचन हरवते, शुद्धलेखनाची चूक हातून निसटते. तिथे ३४ इंचांचेच दोन मॉनिटर शेजारी होते. २५६० × १०८० बिंदूंच्या (पिक्सेलच्या) मॉनिटरवर रफार आणि अनुस्वार मिळून एक काळसर ठिपका झाला होता, तर ३४४० × १४४० च्या मॉनिटरवर दोन्ही स्वच्छ वेगळे दिसत होते. कारण साधे आहे: पहिल्यात एका इंचात सुमारे ८२ बिंदू असतात, दुसऱ्यात ११०. घरोघरी असलेल्या २४ इंची फुल एचडी मॉनिटरवरही हा आकडा ९२च्या आसपास असतो, म्हणजे अधिक पैसे मोजून घेतलेला मोठा पडदा अक्षरांच्या बाबतीत जुन्यापेक्षा वाईट निघू शकतो. रोमन लिपी वाचणाऱ्यांचे कदाचित निभावत असेल. देवनागरीत वर, खाली आणि मागे-पुढे इतके काही चाललेले असते की तिथे काटकसर करू नये.

पॅनेलबाबत, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या पडद्याबाबत, आयपीएस आणि व्हीए अशा दोन प्रकारांचा पर्याय होता. व्हीएचा काळा रंग निश्चितच गडद असतो, पण पान वर-खाली सरकवताना गडद भागामागे सावली रेंगाळते आणि जवळून पाहिल्यास कडांचे रंग फिकट वाटतात. मी सपाट आयपीएस घेतला. रात्री दिवा मालवून चित्रपट लावला की काळ्या जागी राखाडी झाक आणि खालच्या कोपऱ्यात पांढुरका उजेड दिसतो, हा त्याचा दोष आहे. वक्र पडदा मी जाणूनबुजून टाळला, कारण समासाची सरळ रेघ मला सरळच दिसायला हवी.

पहिले दोन दिवस माउसचा बाण अडखळत होता. मॉनिटर सदोष आहे अशी माझी खात्रीच झाली होती. प्रत्यक्षात लॅपटॉपची एचडीएमआय जोडणी जुन्या १.४ प्रकारची असल्याने पूर्ण बिंदूसंख्येला ५० हर्ट्झच मिळत होते, म्हणजे चित्र सेकंदाला पन्नासदाच ताजे होत होते. लॅपटॉपच्या टाइप-सीमधून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्ट या जोडणीला जाणारी केबल लावताच तोच मॉनिटर १०० हर्ट्झवर चालू लागला. मात्र प्रत्येक टाइप-सी जोडणीतून चित्र बाहेर येत नाही, ते आधी पाहून घ्यावे.

मेजाची खोली हा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. डोंबिवलीच्या घरात माझे मेज दोन फूट खोल आहे आणि सोबत आलेल्या स्टँडचे पसरट पाय त्यातली मोठी जागा खात असल्याने पडदा अगदी नाकासमोर आला. आठवडाभर दोन्ही टोके पाहण्यासाठी मान फिरवत राहिले. शेवटी मेजाच्या मागच्या कडेला क्लँपने बसणारा, मॉनिटर तोलून धरणारा हात (मॉनिटर आर्म) घेतला, पडदा भिंतीपर्यंत मागे गेला आणि आता डोळ्यांपासून सुमारे पासष्ट सेंटिमीटरवर आहे.

बाकी किरकोळ. जुन्या मालिका पाहताना दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. व्हिडिओ बैठकीत संपूर्ण पडदा दाखवला तर समोरच्याला अक्षरे मुंगीएवढी दिसतात, त्यामुळे एकच खिडकी दाखवावी. आणि ३२ इंचांवरील मॉनिटरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, माझ्या खरेदीनंतर जेमतेम महिन्याभराने. दोन हजारांहून अधिक रुपयांची ती चुटपुट अजून गेलेली नाही.

सहाव्या महिन्यात पडद्याच्या उजव्या भागात एक बिंदू कायमचा काळा झाला. कंपनीला कळवले, तर इतक्या कमी बिंदूंसाठी वॉरंटीत मॉनिटर बदलून मिळत नाही असे उत्तर आले. इतर कोणाच्या तो लक्षातही येणार नाही, पण नेमका उजव्या पानातल्या मजकुराच्या पट्ट्यात असल्यामुळे शंकास्पद अनुस्वार दिसला की मी आधी पान एक ओळ वर सरकवते आणि ठिपका शब्दाबरोबर सरकतो की जागीच राहतो ते पाहते.