चर्चच्या कपाटासाठी घेतलेली ख्रिस्ती पुस्तकं : काय वाचलं गेलं, काय पडून राहिलं

आमच्या नगरच्या चर्चमध्ये एक लोखंडी कपाट आहे, लायब्ररी म्हणून. चावी कुणाकडे असते हे दर दोन वर्षांनी बदलतं आणि मागच्या नाताळाआधी ती माझ्याकडे आली. सोबत कमिटीने पाच हजार रुपये दिले आणि सांगितलं, चांगली ख्रिस्ती पुस्तकं आण. चांगली म्हणजे कुठली ते कुणी सांगितलं नाही. पाळकसाहेब म्हणाले "आत्मिक असावीत", तरुण मंडळी म्हणाली बोअर नकोत. झालं, आता वर्ष होत आलं, म्हणून काय घेतलं आणि त्याचं काय झालं ते लिहितोय, दुसऱ्या कुणाच्या गळ्यात हे काम पडलं तर उपयोगी पडेल.

पहिले बाराशे रुपये मी सरळ पाण्यात घातले. एका अधिवेशनात स्टॉल लागला होता, तिथून पातळ पातळ चकचकीत कव्हरची आठ-दहा पुस्तकं उचलली, सगळी परदेशी प्रचारकांची भाषांतरं. घरी येऊन उघडली तर एकात वाक्य होतं की देव तुम्हाला पुढच्या पातळीवर घेऊन जाण्यास उत्साहित आहे. देव उत्साहित आहे!! आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "हे कुणी लिहिलंय रे?" आई सातवी शिकलेली, पण 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकातली निम्मी गाणी पाठ, त्यामुळे मराठी कुठे अडखळतं ते तिला बरोबर कळतं. आणि भाषेचं सोडा, मजकूर काय तर इतकं द्या म्हणजे इतकं मिळेल, आजार गेला नाही तर तुमचा विश्वास कमी. आमच्याकडे एका बाईंचा मुलगा दोन वर्षं डायलिसिसवर होता, त्यांच्या हातात हे पुस्तक द्यायची माझी तरी हिंमत नाही. ती सगळी कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहेत अजून.

तेव्हापासून माझी एकच परीक्षा. पुस्तकाचं मधलंच कुठलंतरी पान उघडायचं आणि आईला मोठ्याने वाचून दाखवायचं. ती "पुढे वाच" म्हणाली की पास. कव्हरवर काय लिहिलंय, किती लाख प्रती खपल्या, प्रस्तावना कुणाची, काही बघायचं नाही.

या परीक्षेत सगळ्यात वर कोण आलं हे सांगायची गरज नाही, लक्ष्मीबाई टिळकांचं स्मृतिचित्रे. गंमत म्हणजे हे मला ख्रिस्ती पुस्तकांच्या स्टॉलवर मिळालंच नाही, पुण्यात साध्या मराठी पुस्तकांच्या दुकानात आत्मचरित्रांच्या कप्प्यात मिळालं. हे ध्यानात ठेवा, आपली चांगली पुस्तकं बऱ्याचदा 'धार्मिक' पाटीखाली नसतात. लेखिका शाळेची पायरी न चढलेली, पुस्तक 1934 पासून भागाभागाने आलं, आणि आजही वाचताना कुणीतरी ओट्यापाशी बसून बोलतंय असं वाटतं. वडिलांचं सोवळ्याचं वेड, बाजारातून आलेली वस्तू धुऊन घेणं, हे ती इतकं हसत सांगते की आई डाळ निवडायची थांबली. आणि मग तिचा नवरा, नारायण वामन टिळक. 1893 मध्ये रेल्वेच्या डब्यात एक गोरा माणूस भेटतो, नवा करार हातात देतो, आणि 10 फेब्रुवारी 1895 ला टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा. बायकोच्या बाजूने हे काय होतं ते वाचा एकदा. नवरा धर्म बदलून बसला, ही लहान मुलाला घेऊन वेगळी राहिली, रडली, चिडली, आणि 1900 मध्ये स्वतःच्या पायांनी चालत ख्रिस्ती झाली, कुणी ओढून नाही. टिळकांना ती कुठेही संत करत नाही, पैसा हातात टिकत नाही, राग नाकावर, घरात कोणालाही आणून ठेवणार, सगळं लिहिलंय. आपल्याकडे साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस आधीचं आयुष्य काळंकुट्ट आणि नंतरचं पांढरंशुभ्र करून सांगतो ना, तसं यात अजिबात नाही. बाप्तिस्म्यानंतरही ती तीच आहे, भांडणारी आणि हसणारी. फक्त घेताना बघा, संक्षिप्त आवृत्ती पण मिळते, ती घेऊ नका, पूर्णच घ्या, जाड आहे पण संपतं पटकन.

टिळकांचं ख्रिस्तायन पण घेतलं, जे त्यांच्या हातून अर्धवट राहिलं आणि लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. खरं सांगू? एकट्याने वाचायला मला जड गेलं. शुभवर्तमान, म्हणजे येशूची कथा, आधीच पाठ असल्याने पुढे काय होणार ही उत्सुकता नसते. पण गुड फ्रायडेला दोघातिघांनी मिळून त्यातला भाग वाचला तेव्हा चांगलं वाटलं.

आता बायबल. बायबल काय निवडायचं, असं वाटत असेल तर माझा घोटाळा ऐका. माझी सासुरवाडी वसईची, कॅथलिक. बायकोच्या मावशीने मोठ्या अक्षरातलं मराठी बायबल मागवायला सांगितलं, मी ऑनलाइन ऑर्डर टाकली. आलं ते पार्सल एका कोपऱ्यावर आपटलेलं, पुठ्ठा मुडपलेला, आणि विक्रेता म्हणे फोटो पाठवा, फोटो पाठवले तर म्हणे रिटर्नची मुदत संपली. ते एकवेळ चाललं असतं, पण मावशींनी चष्मा लावून अनुक्रमणिका बघितली आणि म्हणाल्या, "अरे जावईबापू, यात मक्काबी कुठंय?" आपलं प्रॉटेस्टंट बायबल 66 पुस्तकांचं, त्यांचं 73 चं, जुन्या करारात सात पुस्तकं जास्त, मक्काबी त्यातलंच. मला हे माहीत होतं आणि तरी ऑर्डर टाकताना डोक्यात आलं नाही. भेट द्यायची असेल तर आधी विचारा, कुठल्या चर्चला जाता, आणि अनुक्रमणिकेचा फोटो मागा.

मावशींना मग फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल नेऊन दिलं आणि एक कपाटासाठी. हे मात्र फुल मार्क. आपल्या नेहमीच्या मराठी बायबलची, म्हणजे पवित्र शास्त्राची, भाषा कानात बसलीय, तिची सर दुसऱ्या कशाला नाही असं आई म्हणते, आणि स्तोत्रांच्या बाबतीत मला पण ते पटतं. पण नव्या करारातली पौलाची पत्रं! रोमकरांस पत्रातली ती लांबलचक वाक्यं मी तीस वर्षं मान डोलावत ऐकली आणि अर्थ काय ते दिब्रिटोंच्या मराठीत वाचल्यावर पहिल्यांदा सरळ लागला. यातल्या नव्या कराराला साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार 2013 चा आहे, आणि हेच फादर 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. 2024 च्या जुलैमध्ये गेले. तक्रार एकच, पुस्तक भारी वजनदार आहे, पलंगावर पडून वाचायचं नाही, नाकावर पडेल.

पंडिता रमाबाईंचं भाषांतर पण मिळवायचा प्रयत्न केला. त्यांनी हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं, केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच ते खिळे (छपाईचे अक्षरांचे ठसे) जुळवून छापलं, आणि छापून पूर्ण झालं 1924 ला, म्हणजे रमाबाई गेल्यावर दोन वर्षांनी. आमच्या चर्चमधल्या एका आजींकडे जुनी प्रत आहे, फडक्यात बांधलेली. पानं इतकी ठिसूळ झालीत की त्या स्वतःच उलटतात, मला हात लावू दिला नाही. बरोबरच आहे.

बाबा पदमनजींचं अरुणोदय हे ज्यांना धीर आहे त्यांच्यासाठी. 1888 चं आत्मचरित्र, बेळगावातलं बालपण वगैरे भाग फार छान, पण वाद घालायला लागले की थांबत नाहीत. त्यांची यमुनापर्यटन (1857) मराठीतली पहिली कादंबरी म्हणून परीक्षेला विचारतात, विधवांच्या हालांवर आहे. एमपीएससीवाली पोरं तेवढ्यासाठी घेऊन जातात आणि चौथ्या दिवशी परत आणतात.

क्रिस्तपुराणाबद्दल मात्र मी चुकलो होतो. मला वाटलं होतं हे कपाटात शोभेसाठी राहील. फादर स्टीफन्स, इंग्रज माणूस, 1579 ला गोव्यात आला, तिथेच राहिला, आणि 1616 मध्ये जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं पुराण छापलं, ते पण रोमन लिपीत, कारण देवनागरी खिळे नव्हते. मराठी भाषेची मोगऱ्याशी आणि कस्तुरीशी तुलना करणारी ती ओवी शाळेत सगळ्यांनी पाठ केलीय, पण त्यापुढे कोण जातं? कोकणी शब्द बरेच येतात, डोळ्यांनी वाचलं तर अडतं. आईला चालीत वाचून दाखवलं, ओवीची चाल तिच्या कानात होतीच, दळणाची. स्वर्गाला वैकुंठ म्हटलेलं ऐकून ती थबकली, म्हणाली, "आपल्या पाळकाला चालेल का हे?" मी म्हटलं चारशे वर्षांपूर्वी चाललंय. म्हणाली, "मग पुढे वाच." देवनागरीतली आवृत्ती बघून घ्या, आणि गद्य रूपांतरही मिळतं, पण ते घेतलं तर मजा निम्मी.

बाहेरच्या पुस्तकांपैकी एकच सांगतो, संत ऑगस्टीनचं कन्फेशन्स. साधारण इ.स. 400 चं, मी इंग्रजीतून वाचलं आणि आईला तोंडी सांगितलं. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर शेजारच्या झाडाची नासपती चोरली, भूक नव्हती, फळं पण काही खास नव्हती, डुकरांपुढे टाकून दिली, आणि हा बिशप झालेला माणूस पानंच्या पानं विचारतोय की मग मी चोरली कशाला? आई म्हणाली, "आम्ही पण मिशन कंपाउंडातल्या चिंचा पाडायचो, खायला थोड्याच." नंतर बराच वेळ काही बोलली नाही.

शेवटी हिशोब. पाच हजारातले दोनशे चाळीस उरले. रजिस्टर बघितलं तर वर्षभरात स्मृतिचित्रे अकरा वेळा बाहेर गेलंय, सुबोध बायबल सहा वेळा, क्रिस्तपुराण दोनदा, त्यात एकदा मीच. चकचकीत कव्हरवाली एकूण एकदा, आणि ती नेणाऱ्या काकांनी परत करताना विचारलं की अजून काही आहे का, लक्ष्मीबाईंसारखं. स्मृतिचित्रे सध्या सप्टेंबरपासून कुणाकडे तरी आहे, सहीवरून नाव लागत नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी रविवारी उपासनेनंतर आणून द्या, किंवा राहू द्या, मी दोनशे चाळीसमध्ये भर घालून दुसरी प्रत आणतो.